धुरी दिलेला गळा

माईसाहेबांनी नारळ हातभर वरून सोडला.

माझा पदर पसरलेला होता. नारळ त्यात पडला, निसटला आणि माझ्या मनगटाच्या हाडावर बसला. कळ पार खांद्यापर्यंत गेली. मग तांदूळ. तेही वरूनच. मग साडी-चोळी. ती त्यांनी टेबलावर ठेवली आणि बोटानं माझ्याकडं सरकवली. कुंकवाचं बोट माझ्या कपाळापर्यंत आलं, मध्येच थांबलं, आणि करंडाच माझ्यापुढं आला.

"तुझं तूच लाव गं," माईसाहेब हसून म्हणाल्या.

वाईट बाई नव्हे ती. तिच्या मनात अपमान करायचं काही नव्हतं. तिच्या हाताला तेवढंच अंतर ठाऊक होतं.

इंदापूरच्या बाजारतळावर मांडव घातला होता. पताका, लाऊडस्पीकर, खुर्च्या, पुण्याहून आणलेला फोटोवाला. आणि माझा सत्कार. तालुक्याची कन्या परदेशात गाते म्हणून. लग्न न झालेल्या बाईची ओटी भरतात का, हे कुणी विचारलं नाही. कार्यक्रमपत्रिकेत "मानाची ओटी" असं छापलं होतं, म्हणून भरली.

पण मला नारळाचं एवढं लागलं नाही. लागलं ते वेगळंच. पदर पसर म्हणून मला कुणी सांगितलं नव्हतं. वाक म्हणूनही नाही. माईसाहेब समोर आल्या आणि मी आपसूक वाकले. कमरेतून. आय वाड्याच्या मागच्या दाराशी शिळी भाकरी घ्यायला वाकायची, तशी. चार वर्षं मी परक्या मुलखात मोठमोठ्या थेटरांत उभी राहिले. तिथंही गाणं संपल्यावर लवायचं असतं, पण तिथं मान लवते, पाठ नाही. इथं पाठच गेली. बावीस वर्षांची मी, आणि माझी पाठ अजून म्हारवाड्यातली, चावडीपुढची.

मनात म्हणलं, हात तुझी! एवढं शिकून काय केलंस?

मग रावसाहेब भाषणाला उठले. रावसाहेब म्हणजे आमच्या गावचे बागाईतदार. आमचं गाव बावड्याच्या अलीकडं, कालव्याच्या कडेला. गावातला निम्मा ऊस त्यांचा, आणि उरलेल्या निम्म्याला पाणी कधी सोडायचं तेही त्यांच्याच हातात. माईसाहेब त्यांच्या मंडळी. रावसाहेबांनी उपरणं सावरलं आणि लाऊडस्पीकरमध्ये म्हणाले, "हा आवाज पहिल्यांदा कुणी ओळखला असेल, तर तो मी!"

टाळ्या पडल्या. मी खाली मान घालून बसले.

तो आवाज त्यांनी कसा ओळखला, ते सांगते.

पन्नास सालच्या आसपासची गोष्ट. मी चौदा वर्षांची. बाप आधीच गेलेला. मी आणि आय, दोघीच. ज्वारी हुरड्याला आली की मी रावसाहेबांच्या रानात पाखरं राखायला जायची. चार मेढी रोवून वर माळा बांधलेला असतो, त्यावर दिवसभर उभं राहायचं आणि ओरडायचं. गोफण होती, पण धोंडा एका जागी पडतो. पाखरांचा थवा अख्ख्या रानाचा असतो. त्याला आवाजच लागतो. आणि खालच्या पट्टीतल्या आवाजाला पाखरं जुमानत नाहीत. बारीक, उंच, लांबवर जाणारा पाहिजे. तो काढता काढता माझा गळा तसा झाला. एका माळ्यावरून चार शेतं मी राखायची. आय म्हणायची, "माजी लेक वरडली तर डाळजला ऐकू जातंय." आता डाळज कुठं आणि आम्ही कुठं! पण आयचं बोलणं असंच.

त्याच वर्षी जवळच्या साखर कारखान्यात नवी यंत्रं बसवायला ऑस्ट्रियाचा एक इंजिनीयर आला होता. त्याची बायको संध्याकाळी छत्री घेऊन कालव्यावर फिरायची. आम्ही तिला मडम म्हणायचो. लढाईच्या आधी ती तिच्या देशात ऑपेरात गायची. ऑपेरा म्हणजे आपल्या संगीत नाटकासारखंच, फक्त त्यात बोलणं जवळजवळ नाही, सगळं गाऊनच. आणि लाऊडस्पीकर नाही. पन्नास-साठ वाद्यं समोर वाजत असतात, त्यांच्यावरून आवाज शेवटच्या बाकापर्यंत न्यायचा. बायकांच्यातला सगळ्यात उंच आवाज असतो त्याला सोप्रानो म्हणतात.

मडम माळ्याखाली येऊन उभी राहिली. हातानं खुणावलं, पुन्हा. मी ओरडले. पुन्हा. मी ओरडले. मला वाटलं, बाईचं डोकं फिरलंय. दुसऱ्या दिवशी ती आयला गाठून म्हणाली, पोरगी बंगल्यावर झाडलोटीला पाठव. झाडलोट तासभर. उरलेला वेळ गाणं.

तिच्या बंगल्यात पियानो होता. मुंग्या चढू नयेत म्हणून त्याच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या. मडम मला फरशीवर उताणी झोपवायची, पोटावर जाडजूड पुस्तक ठेवायची आणि म्हणायची, श्वासानं पुस्तक उचल. तिला मराठीतले मोजके शब्द येत. "पोट! गळा नको, पोट!" एवढं मात्र झकास म्हणायची. एकेक स्वर पायरीसारखा चढवायचा आणि उतरवायचा. ते मी घरी आल्यावरही करायची. झोपडीत जागा नाही, म्हणून दिवस मावळायला ओढ्याच्या काठी जायची. तिथं मोकळं होतं. आ करून आवाज वर न्यायचा, वर, आणखी वर, टोकाला धरून ठेवायचा.

ओढ्याच्या वर रावसाहेबांचा वाडा होता. त्यांची थोरली सून पोटुशी होती. चौथ्या महिन्यात तिचं गेलं. आता मूल का गेलं ते डॉक्टरला विचारावं की नाही? पण गावात एकच बोलणं उठलं, ओढ्यात संध्याकाळी बाई किंचाळती. माणसाचा आवाज न्हाय तो. देवऋषी आला. त्यानं दाणे टाकून पाहिले आणि सांगितलं, म्हारवाड्यातल्या एका पोरीला लागीर झालंय. तिच्या तोंडून ती बया वरडती, आन् तीच गरभ खाती.

चावडीपुढं मला बसवलं. अंगावर घोंगडं टाकलं. घोंगड्याच्या आत शेणीचा विस्तव, आणि विस्तवावर मूठभर वाळल्या मिरच्या. रावसाहेब ओट्यावर बसले होते. सुपारी कातरत होते. हे मी आत जायच्या आधी पाहिलं होतं, म्हणून सांगते.

मिरचीची धुरी काय असते ते ज्याला दिली त्यालाच ठाऊक. डोळे जातातसं वाटतं. श्वास घ्यावा तर आत आग, सोडावा तर दुसरा घ्यावाच लागतो. बाहेरून देवऋषी विचारत होता, "बोल! कोन हायस? कुटल्या झाडाव ऱ्हातीस?"

मी माझं नाव सांगितलं. तर पाठीत काठी बसली. भूत खोटं बोलतं म्हणे. पुन्हा माझं नाव सांगितलं. पुन्हा काठी. बाहेर आय रडत होती, "आवं सोडा वं माज्या लेकराला, रावसाहेब, पाया पडते." माझं नाव मी किती वेळा सांगितलं कोण जाणे. शेवटी कळलं, खरं सांगून घोंगडं निघणार नाही. म्हणून विहिरीत जीव दिलेल्या माझ्या एका मावशीचं नाव घेतलं. ती कधी कुणाच्या अध्यातमध्यात नव्हती बिचारी.

"काय पायजे तुला?"

काय सांगायचं असतं ते गावात सगळ्यांना पाठ असतं. मी म्हणाले, साडी-चोळी, नारळ, लिंबू. देऊन मला शिवंच्या भाईर सोडा. मी जाते.

दिलं त्यांनी. गावच्या हद्दीबाहेर नेऊन ठेवलं. म्हणून म्हणते, सत्काराच्या टेबलावरची साडी-चोळी आणि नारळ बघून मला काही नवल वाटलं नाही. माझ्या गळ्याची हीच किंमत गावाला माहीत होती.

दोन महिने आवाज बसला होता. मडमनं मध दिला, वाफ दिली, मला जवळ घेऊन रडली. पण रावसाहेबांना जाऊन एक शब्द बोलली नाही. कारखान्याला रावसाहेबांचा ऊस लागायचा, तिचा नवरा कारखान्याचा. "गावात गाऊ नको," एवढंच मला म्हणाली. तिचे उपकार मी विसरणार नाही, आणि हेही विसरणार नाही.

चार वर्षं तिनं मला घडवलं. जाताना बरोबर घेऊन गेली. पासपोर्टाला तेव्हा जामीन लागायचा, तिच्या नवऱ्यानं तो दिला. व्हिएन्नात तिच्या म्हाताऱ्या गुरूकडं शिकले. सकाळी एका खानावळीत भांडी घासायची, दुपारी गायची. थंडीनं बोटं फुटायची. पण तिथं एक गोष्ट होती. गळा उघडला की लोक गप्प व्हायचे, आणि पळून जायचे नाहीत. आधी घोळक्यात उभी राहून गायले, मग दासीचं काम, मग थोरल्या बहिणीचं. मग लहान गावांच्या थेटरांत मोठी कामं. पेपरात नाव यायला लागलं. शेजारच्या देशांतून बोलावणी यायला लागली. यंदा परत आले तेव्हा आयला सांगितलं की नाटकातली बया शेवटी मरते आणि मरता मरता पाव तास गाते. आय म्हणाली, "मराय टेकल्याव एवढं कोन वरडतंय गं? आन् ऐकणारे बसून ऱ्हात्यात? येक पान्याचा तांब्या देईना व्हय कोनी?"

आता लाजेची गोष्ट सांगते. सांगायचीच आहे तर सगळी सांगते.

तिथल्या थेटराच्या मॅनेजरनं कार्यक्रमाच्या पुस्तिकेत छापलं, हिंदुस्थानातली ब्राह्मण राजकन्या, देवळात वाढलेला आवाज. मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, लोकांना आवडतं. ब्राह्मण आणि राजकन्या एकाच वेळी कशी असेल, हे त्याला माहीत नव्हतं, आणि तिथल्या कुणालाच माहीत नव्हतं. मला हसू आलं. मग मी गप्प बसले. पहिल्यांदा वाटलं, एका खेळापुरतं असेल. मग प्रत्येक गावात तेच छापून आलं. कुणी विचारायचं, तुमच्या वडिलांचा राजवाडा कसा आहे? मी म्हणायची, मोठा आहे. मी म्हणायची हे! पाखरं राखलेल्या तोंडानं! आय तेव्हा इथं दुसऱ्याच्या रानात कांदा खुरपत होती.

आणि हे सांगताना बरं वाटायचं, हेही खरं.

मग एका मोठ्या थेटरानं मला मुख्य कामासाठी बोलावलं. येत्या हिवाळ्यात. अशा जागी नाव लागलं की गाणारीला पुढं दारं ठोठावावी लागत नाहीत. त्याच सुमाराला आयचं पत्र आलं. शाळामास्तरानं लिहून दिलेलं. डोळ्याला दिसत न्हाय, येऊन जा. मी आले. पासपोर्टाची मुदत संपत आली होती. नव्याला पुन्हा जामीन हवा, तोही नावावर मालमत्ता असलेल्या माणसाचा. मडम आणि तिचा नवरा केव्हाच मायदेशी गेलेले. म्हारवाड्यात मालमत्ता कुणाची असणार! फिरून फिरून एकच नाव पुढं येत होतं.

रावसाहेबांनी मला ओसरीच्या खालच्या पायरीवर बसवलं. चहा दिला, कान तुटलेल्या कपात. जामिनाचा कागद वाचला, घडी घालून कोटाच्या खिशात ठेवला आणि खिशावर टिचकी मारली.

"सही करू की. त्यात काय येवढं! पन आदी सत्कार. आमच्या आश्रयानं शिकलीस म्हनून चार शब्द बोल. येक गानं म्हन. ष्टेजवरनं खाली उतरलीस की सही."

मी हो म्हणाले. लगेच. विचारसुद्धा केला नाही. इतके दिवस खोटं बोलत होते, आणखी चार शब्दांनी काय बिघडणार होतं?

तर असा तो दिवस. ओटी भरून झाली. रावसाहेबांचं भाषण संपत आलं. "आमच्या घरच्या लेकीसारखी वाढवली, शिकवली," ते म्हणाले. मी समोर पाहिलं. खुर्च्या. खुर्च्यांच्या मागं सतरंज्या. सतरंज्यांच्या मागं एक दोरी बांधलेली. दोरीपलीकडं मातीवर आमची माणसं. त्यांच्यात आय. तिला धड दिसत नव्हतं. जिकडून लाऊडस्पीकर वाजत होता तिकडं तिनं तोंड केलेलं, आणि लाऊडस्पीकर बांधला होता एका बाजूच्या खांबाला. म्हणजे माझ्याकडं पाठच. ती त्या खांबाकडं बघून हसत होती. लेकीचं कौतुक चाललंय म्हणून.

मला फार दमल्यासारखं झालं. राग आला असं नाही म्हणणार. राग यायलाही अंगात काही शिल्लक लागतं. एवढंच वाटलं, की पुरे. घोंगड्यात काठी होती म्हणून खोटं नाव घेतलं. मॅनेजरकडं तर काठीही नव्हती. इथं तर नुसता एक कागद. ज्या बाईनं मला जन्म दिला, तिच्यापुढं उभी राहून मी दुसऱ्याच घरची लेक होणार, आणि ती खांबाकडं बघून टाळ्या वाजवणार.

मी उभी राहिले. बोलले ते एवढंच.

"मी म्हारवाड्यातली. ती दोरीच्या मागं बसली आहे ती माझी आई. मला तिनं वाढवलं. रावसाहेबांनी माझा आवाज पहिल्यांदा ओळखला, हे खरं आहे. भूत म्हणून ओळखला. मला चावडीपुढं मिरच्यांची धुरी दिली. त्या आवाजानं मी आज इथं गाणार नाही."

कुणी टाळी वाजवली नाही. आमच्या माणसांनीही नाही. त्यांना दुसऱ्या दिवशी त्याच रानांत कामाला जायचं होतं, मी त्यांना काय म्हणणार? माईसाहेबांनी पदर तोंडाला लावला. धुरीच्या दिवशी त्याही चावडीजवळ असतील, कोण जाणे. फोटोवाला मशीन घेऊन तसाच उभा राहिला. मग कुणीतरी लाऊडस्पीकर बंद केला.

रावसाहेब हसत होते. माणूस मोठा हुशार. लोकांकडं बघत हात जोडले, आणि माझ्या बाजूनं जाताना हळू म्हणाले, "जा आता. कुटं जातीस ती बगू."

कागद त्यांच्याच खिशात राहिला.

घरी येईपर्यंत आय एक शब्द बोलली नाही. एस.टी.त नाही, वाटेनं नाही. मला वाटलं, तिचं ऊर भरून आलंय. कसलं काय! दारात आल्यावर म्हणाली, "येडी हायस का गं तू? आदी सही घ्यायची व्हतीस. मंग काय त्ये बोलायचं व्हतंस. धुरी काय उद्या पळून जात व्हती?"

मला हसू आलं आणि रडूही. ती मात्र हसली नाही. तिचं बरोबर होतं. तिनं उभा जन्म आधी पदरात घेऊन मग शिव्या दिल्या होत्या, त्याही पाठीमागं. मी म्हणाले, "आय, आदी घेतली असती तर मंग बोलले नसते."  ती चूल पेटवायला बसली.

त्यानंतरचं सांगण्यासारखं फार नाही. रावसाहेबांच्या रानात आयचं काम बंद झालं. आमच्या भावकीतल्या दोघी बायकांचंही बंद झालं. त्यातली एक अजून माझ्याशी बोलत नाही. आयच्या डोळ्याचं ऑपरेशन पुण्यात झालं, एका डोळ्याला थोडं दिसतं. हिवाळा आला. मोठ्या थेटराची तार आली, की काम दुसरीला दिलं आहे. मी ती तार आयला वाचून दाखवली नाही. तिनंही विचारलं नाही. पण तिला कळलं.

जामिनासाठी मी बारामतीत दोघांच्या दारी जाऊन आले. एक वकील, एक व्यापारी. दोघेही नीट बोलले. बसायला खुर्ची दिली. सही दिली नाही. रावसाहेबांशी वाकडं कोण घेणार? आता बावड्याच्या बाजूला एका भाजीपालावाल्याकडं मी खुरपणीला जाते. पहाटे तासभर गाते, उघड्यावर, पूर्ण आवाजात. गाव ऐकतं. ऐकू दे.

दमले आहे. खोटं कशाला सांगू? कधीकधी वाटतं, एका वाक्यानं आपण आपलं वाटोळं करून घेतलं. आठ वर्षं चढले ती शिडी एका संध्याकाळी सोडली. चार शब्द तर म्हणायचे होते. मग आठवतं, त्या मॅनेजरच्या पुस्तिका अजून कुठं कुठं पडून असतील. तिथल्या लोकांच्या लेखी मी अजून राजकन्याच आहे. इंदापुरात खरं बोलले, ते सोपं होतं, कारण इथं सगळ्यांना माहीतच होतं. तिथं कुणालाच माहीत नाही.

म्हणून गेल्या आठवड्यात पत्र लिहिलं. त्या मॅनेजरला. त्याच्याच भाषेत.

आय शेजारी बसून शेंगा फोडत होती. म्हणाली, "काय लिवतीस येवढं?"

मी मराठीत सांगितलं. लिहिलंय, की मी ब्राह्मण नाही आणि राजकन्या नाही. मी म्हारवाड्यातली आहे. माझ्या आईचं हे नाव, ती शेतात मजुरी करते. तुमच्या देशात खालच्या माणसाला काय म्हणतात ते मला माहीत आहे, आमच्याकडं काय म्हणतात ते मी तुम्हाला समजावून लिहिलं आहे. ते तसंच छापा. जिथं जिथं खोटं छापलं तिथं तिथं कळवा. हे जमत नसेल तर मला बोलावू नका.

आय शेंगा फोडायची थांबली.

"आन् न्हाय बोलावलं तर?"

"न्हाय जायची."

"मंग येवढं शिकलीस कशापायी?"

  मी पाकिटावर पत्ता घातला, तिकीट लावलं आणि इंदापूरच्या पोष्टात स्वतः टाकून आले.

उत्तर आलेलं नाही. येईल की नाही माहीत नाही. जामीन मिळेल की नाही तेही माहीत नाही. उद्या तिसऱ्या दारी जाईन. पण तिथं मी आधी माझं नाव सांगणार, माझ्या आईचं सांगणार, म्हारवाड्याचं सांगणार, आणि मग कागद पुढं करणार. त्यावर दार लागलं तर लागू दे. ज्या थेटरात हे नाव चालणार नाही, तिथं हा गळाही उघडणार नाही.

एवढं ठरलं आहे. आता यात बदल नाही.